ऑटोवरचं पाणी

माझ्याकडे जुन्या स्लाइडचा एक डबा आहे. त्यातल्या एका स्लाइडच्या डाव्या कडेला काळी इन्सुलेशन टेप चिकटवलेली आहे. उरलेल्या चौकटीत एक बाई उभी आहे. डोक्यावर पदर, हातात खुरपं आणि पायाखाली पांढरी फुटलेली जमीन, कुणीतरी पिठाचं पोतं झटकल्यासारखी. ही स्लाइड मी दहा-बारा वर्षं दाखवली. शाळांत, कॉलेजांत, गणेश मंडळांत, एकदा तर एका लग्नाच्या कार्यालयात, कारण सभागृह मिळालं नव्हतं. स्लाइड पडद्यावर आली की मी म्हणायचो, "शासनाच्या वीज आणि पाणी धोरणाचा हा बळी," आणि अर्धा मिनिट गप्प राहायचो. लोकही गप्प राहायचे. गप्प कधी राहायचं हे मला फार चांगलं जमतं. पुढं जे लिहितोय ते सगळं त्याच एका कौशल्याबद्दल आहे.

टेपच्या खाली काय आहे, हे कुणी कधी विचारलं नाही. टेपच्या खाली माझा ऊस आहे.

आमच्या गटाची आता स्मरणिका निघायची आहे. चळवळीचे दिवस कसे होते यावर हजार शब्द द्या, आणि ती बाईंची स्लाइडही द्या, मुखपृष्ठावर घेऊ, असा निरोप आला. हजार शब्द लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडकलो. मग ठरवलं, स्मरणिकेला दुसरं काहीतरी देऊ, झाडांबिडांवर. हे मात्र आता लिहून टाकू.

मी कोल्हापुरात एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही सात जणांनी एक गट काढला होता. गटाचं नाव एवढं लांब होतं की लेटरहेडवर मजकुराला जागा कमी पडायची. अध्यक्ष होते एक निवृत्त इंजिनियर, पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेले, अतिशय सज्जन. बाकी आम्ही प्राध्यापक, एक होमिओपॅथ आणि एक छापखानेवाले. छापखानेवाले असल्यामुळे आमची पत्रकं फार निघायची.

आमचं म्हणणं साधं होतं, आणि आजही मला ते बरोबरच वाटतं. शेतीपंपांना तेव्हा मीटर नसायचे. मोटर किती एचपीची, त्यावर बिल ठरलेलं. तासभर चालवा नाहीतर दिवसभर चालवा, बिल तेवढंच. वर वीज कधी येईल, कधी जाईल याचा भरवसा नाही. मग शेतकरी काय करणार? स्टार्टरला एक पेटी जोडायचा. वीज आली की ती पेटी मोटर आपोआप सुरू करायची. त्या पेटीला सगळे ऑटो म्हणायचे. मोटर ऑटोवर टाकायची आणि घरी निघून यायचं. ऊस पाहिजे तेवढं पाणी पितो, उरलेलं खाली मुरतं. खाली मुरलेलं पाणी वर येताना मीठ घेऊन येतं. काही वर्षांत जमीन चोपण होते, म्हणजे पांढरी पडते, कडक होते, आणि तिच्यात काही उगवत नाही.

तेव्हा मीटर बसवा, वीज दिवसा द्या, उसाला ठिबक सक्तीचं करा, असं आमचं मागणं होतं. मी त्या काळात एका स्थानिक दैनिकात ऑटोवर तीन भागांची लेखमाला लिहिली. ऑटो ही पेटी नसून एक मनोवृत्ती आहे, असं त्यात एक वाक्य होतं. ते वाक्य मला इतकं आवडलं होतं की पुढं मी ते भाषणात घेतलं, मग निवेदनात, आणि एकदा पुतण्याच्या बारशाला बोलता बोलता.

आता माझ्या ऑटोबद्दल.

वडील गेले तेव्हा गावाकडं दीड एकर बागायत माझ्या वाट्याला आली. गाव नदीकाठी, एसटीनं तासाभरावर. मशागत एक वाटेकरी करायचा, पण मोटर सुरू करायला तो दिवसभर विहिरीवर बसून राहणार नव्हता, आणि मी तर रविवारचा शेतकरी. तेव्हा वाटेकरी म्हणाला, ऑटो बसवा. मी म्हणालो, बाजारातला ऑटो अवैज्ञानिक असतो, मी स्वतः करतो. आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत, परीक्षा संपल्यावर, एक रिले आणि एक पत्र्याची पेटी घेऊन मी ऑटो तयार केला. त्याला लाल दिवा होता. पेटीवर मी स्वतःच्या हातानं 'धोका' असं लिहिलं.

माझा ऑटो वेगळा असणार होता. त्याला टायमर बसणार होता. वीज आली की मोटर सुरू होणार आणि दोन तासांनी आपोआप बंद होणार. ना पाणी वाया, ना जमीन खराब. या कल्पनेवर मी गटात एक टिपणही वाचलं होतं. अध्यक्षांनी माझी पाठ थोपटली होती. रिले त्या रविवारी बसला. टायमर पुढच्या रविवारी बसवायचा होता. मी तो विकतही आणला, आणि माझ्या पिशवीत ठेवला. पुढं कितीतरी वर्षं तो पिशवीतच होता. निवेदनं, पत्रकं, पाण्याची बाटली आणि टायमर. पिशवी बदलली की टायमर नव्या पिशवीत जायचा. हयगय मी कधी केली नाही.

माझ्या रानाच्या खालच्या अंगाला, बांधाला लागून, चुलत वहिनींचं बावीस गुंठे रान. मी त्यांना वैनी म्हणतो, त्या मला भावजी. चुलत भाऊ मालवाहू ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातले चार-पाच दिवस घरी. रान, म्हशी, घर सगळं वैनींच्या अंगावर. हिवाळ्यात त्या मेथी करायच्या. बाजाराच्या दिवशी त्यांची मेथी अर्ध्या तासात संपायची, बाकीच्या बायकांच्या पाट्या तशाच असायच्या. वैनींची मेथी असं नावच पडलं होतं. ते बावीस गुंठे म्हणजे त्यांचा स्वतःचा असा एकच हिशेबाबाहेरचा तुकडा. भावाच्या ट्रकचं काय चाललंय ते भावाला ठाऊक, पण मेथी त्यांची.

ऑटो बसवून तीन-चार वर्षं झाली असतील. एका रविवारी मी बांधावर उभा होतो. वैनी खालून वर आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, तुमची मोटर कवा थांबतीया का न्हाय?"

मी म्हणालो, वैनी, मूळ प्रश्न मोटरचा नाहीच. मूळ प्रश्न सपाट दराचा आहे. जोवर शासन एचपीवर बिल लावतंय तोवर पाण्याची बचत करायला शेतकऱ्याला कारणच नाही. हे मी त्यांना पाच मिनिटं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. वैनींचा हा एक गुण, त्या बोलणाऱ्याचं पुरं ऐकतात. मग म्हणाल्या, "ते सपाट का डोंगर मला काय कळत न्हाय. माझी मेथी उगवंना झालीया, त्ये बघा."

मी जाऊन बघितलं. मधे मधे मेथी होती, मधे मधे टक्कल. टकलाच्या कडेला पांढरी रेघ. मी ती ओळखली. त्या आठवड्यात मी त्यावरच भाषण केलं होतं.

वैनींनी उपायही सांगितला. त्यांना कुणी सांगितला होता की त्यांचा त्यांनीच काढला होता, ठाऊक नाही. माझ्या बांधाच्या आतल्या बाजूनं एक चर मारायचा, कमरेएवढा खोल, ओढ्यापर्यंत. वरचं मुरलेलं पाणी चरात उतरेल, ओढ्याला जाईल, त्यांच्या रानात येणार नाही. माझ्या उसाच्या दोन-तीन सऱ्या जातील. त्यांचं एवढंच म्हणणं होतं.

कुठल्याही समंजस माणसानं चर मारला असता. मी समंजस नव्हतो, मी चळवळीत होतो. मी त्यांना म्हणालो, वैनी, एकट्या-दुकट्यानं चर मारून हा प्रश्न सुटत नसतो. गावपातळीवर आराखडा पाहिजे. आणि मी तो आराखडा खरंच केला. गावचा नकाशा, उतार, ओढे, सगळं काढलं. छापखानेवाल्यांनी त्याला हिरवं कव्हर घातलं. जिल्हाधिकारी कचेरीत त्याची प्रत दिली, मंत्र्यांना पाठवली, एक वैनींनाही दिली. आराखड्यातल्या नकाशावर पहिला चर जिथं दाखवला होता तो माझ्या बांधाच्या आतल्या बाजूलाच होता. शास्त्रीयदृष्ट्या वैनींचं बरोबर होतं, हे मी छापून दिलं होतं.

वैनींनी ती प्रत बरीच वर्षं वापरली. त्यांच्या दुधाच्या किटलीवर झाकण म्हणून ती बरोबर बसायची.

ती स्लाइड याच काळातली. आम्हाला एक ठसठशीत उदाहरण हवं होतं. मी वैनींना त्यांच्या रानात उभं केलं आणि कॅमेरा घेऊन माझ्या बांधाच्या टोकाला गेलो. स्लाइड धुऊन आल्यावर पाहिलं तर डाव्या कडेला माझा ऊस आला होता. हिरवागार, पुरुषभर उंच, आणि त्याच्या पुढं खांबावर पत्र्याची पेटी. लाल दिवासुद्धा दिसत होता. म्हणजे वीज होती, म्हणजे मोटर चालू होती. मी घरातला टेपचा रोल शोधला. ऑटो बसवताना उरलेला होता तोच.

स्लाइड गाजली. मग लोक प्रत्यक्ष बघायला येऊ लागले. पत्रकार आले, पुण्याहून अभ्यासक आले, वारणानगरच्या कॉलेजची सहल आली, गारगोटीकडच्या शिक्षकांचं शिबिर आलं. मी त्यांना खालच्या वाटेनं न्यायचो, म्हणजे विहीर दिसायची नाही. वैनी सगळ्यांना च्या करायच्या. अभ्यासक मातीचे नमुने पिशव्यांत भरून न्यायचे. दरवर्षी मेथीचं टक्कल वाढत होतं आणि दरवर्षी पाहुण्यांची संख्या वाढत होती.

एकदा पुण्याचे लोक गाडीत बसायला गेल्यावर वैनी कपबशा विसळत म्हणाल्या, "भावजी, पोरगी दाखवायला काढत्यात तसं माझं रान दाखवतासा. पसंत पडलं काय पावण्यास्नी?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत, कपबशा विसळत राहिल्या.

घरी बायकोला यातलं सगळं माहीत होतं. माझी बायको गडहिंग्लजकडची, शब्द मोजून वापरणारी. मी परिषदेला निघालो की ती पिशवी आणून द्यायची आणि विचारायची, "टायमर घेतला न्हवं?" एवढंच. आमच्या संसारात हे वाक्य इतकं रुळलं होतं की मुलांना वाटायचं, टायमर म्हणजे चष्म्यासारखं काहीतरी बाबांना लागणारं आहे.

मग दोन हजारच्या पुढं कधीतरी वीज आयोगाची वीजदराची जाहीर सुनावणी कोल्हापुरात लागली. आमच्या गटाच्या दृष्टीनं हा मोठा दिवस. अध्यक्ष म्हणाले, आकडे सगळेच देतील, आपण माणूस उभा करू. त्या बाईंना आणा. मी गावी जाऊन वैनींना विचारलं. त्या तयार झाल्या, याचं मला थोडं आश्चर्य वाटलं. चांगलं इरकल नेसून, एका रुमालात शेंगा बांधून त्या माझ्याबरोबर एसटीत बसल्या.

वाटेत त्यांनी विचारलं, तिथं काय सांगायचं. मी म्हणालो, जमीन कशी गेली ते सांगा.

"खरं सांगू?"

"म्हणजे काय, वैनी. खरंच सांगायचं."

हे मी बोललो. शपथेवर सांगतो, त्या वेळी मला काहीसुद्धा वाटलं नाही. इतकी वर्षं ती गोष्ट मी अशी सांगत आलो होतो की तिच्यात मी कुठं उभा आहे हे मलाच दिसेनासं झालं होतं. टेप स्लाइडवरच लावली होती असं नाही.

सभागृह भरलं होतं. निम्मे शेतकरी मीटरच्या विरोधात आले होते आणि त्यांचा राग रास्त होता. वीज धड देत नाही आणि मीटर कशाला लावता, असं त्यांचं म्हणणं. मी बोलायला उभा राहिलो तेव्हा मागून एकानं ओरडून विचारलं, मास्तर, तुमचं रान बागायत का कोरडवाहू. मी म्हणालो, प्रश्न व्यक्तिगत पातळीवर आणू नका. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या.

मग पडद्यावर ती स्लाइड आली आणि वैनी उभ्या राहिल्या. आधी त्या थोडा वेळ पडद्याकडंच बघत राहिल्या. स्वतःला एवढं मोठं झालेलं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. मग बोलल्या. कुठलाही मोठा शब्द नाही. पहिल्या वर्षी पाट्याएवढं टक्कल पडलं, दुसऱ्या वर्षी खाटेएवढं, मग मोजायचं सोडलं, असं. सभागृहातला गलका थांबला. मंचावर मधोमध बसलेल्या आयोगाच्या साहेबांनी चष्मा काढून विचारलं, "बाई, हे पाणी तुमच्याच मोटरचं का?"

"माझी मोटर न्हाय, साहेब. वरच्या रानातनं येतंय."

"वरचं रान कोणाचं आहे?"

मी प्रोजेक्टरजवळ उभा होतो, हातात पुढची स्लाइड बदलायचं बटण. वैनींनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. शाळेत उत्तर येत असलेल्या पोराकडं मास्तर बघतात तसं, चल, सांग की, अशा नजरेनं. त्या थांबल्या. सभागृह थांबलं. मी पण थांबलो. सांगितलं ना, ते मला चांगलं जमतं.

मग त्याच म्हणाल्या, "भावकीतलंच हाय, साहेब. मालक शहरात असतोय. त्येला येळ मिळत न्हाय."

लोक हसले. साहेबही थोडं हसले, मग गंभीर होऊन म्हणाले की असे गैरहजर मालक हा फार मोठा प्रश्न आहे. मी मान हलवली. नुसती हलवली नाही, जोरानं हलवली. आणि बटण दाबलं. पुढची स्लाइड ठिबक सिंचनाची होती.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मथळा होता: गैरहजर जमीनमालकांवर कारवाई करा, पर्यावरणप्रेमींची मागणी. खाली मागणी करणाऱ्यांत माझं नाव पहिलं. अध्यक्षांनी फोन करून अभिनंदन केलं. बायकोनं ते कात्रण कापलं आणि टायमरला रबरबँडनं लावून पिशवीत ठेवलं.

पण त्याआधी एसटीत परतताना जे झालं ते सांगायचं राहिलं. वैनी खिडकीशी बसल्या होत्या. रुमाल सोडून त्यांनी शेंगा माझ्यापुढं केल्या. मी एक घेतली, फोडली नाही. मग म्हणाल्या, "मी नाव घेतलं न्हाय."

मी शेंग या हातातनं त्या हातात घेतली.

"मला वाटलं, तुम्ही घ्याल."

तेवढंच. पुढं गावापर्यंत त्या शेंगा खात राहिल्या आणि टरफलं पदरात जमवत राहिल्या, एसटीत टाकली नाहीत.

त्यानंतर मी दुसऱ्याच दिवशी जाऊन चर मारला, असं लिहायला किती बरं वाटलं असतं. मी मारला नाही. आधी लाज वाटली म्हणून गावाकडं जाणं कमी केलं, मग गावाकडं जाणं कमी झालं म्हणून चर राहिला. पुढच्या दोन वर्षांत मी दोन चर्चासत्रांना गेलो आणि एकात अपराधी भावना आणि सामाजिक कृती असा निबंधही वाचला. भारनियमन त्या काळात फार वाढलं होतं. लोकांना वाटत असेल, वीजच नाही तर मोटर कशी चालेल. उलट होतं. वीज येईल तेव्हा घेऊन ठेवा म्हणून सगळ्यांचे ऑटो चोवीस तास लावलेले. माझाही.

एके दिवशी दुपारी कॉलेजातून आलो तर बायको म्हणाली, गावाहून कुणीतरी आलं होतं, वैनी रान वीटभट्टीला देणार आहेत. पाडव्यानंतर भट्टीवाला माती उचलणार. कमरेएवढी माती काढणार आणि खड्डा सोडून जाणार. चोपण जमिनीचं आणखी काय करणार, म्हणाली. मग म्हणाली, "टायमर पिशवीतच हाय."

मी रजेचा अर्ज टाकला आणि दुसऱ्या दिवशी गावी गेलो. मंगळवार होता. इतक्या वर्षांत रविवार सोडून मी प्रथमच रानात गेलो होतो. त्यामुळं जे बघितलं ते मला खरोखर नवीन होतं. सकाळचे दहा, विहिरीवर चिटपाखरू नाही, पेटीवरचा लाल दिवा लागलेला आणि मोटर धडधडत चाललेली. उसात घोट्याएवढं पाणी. पाणी बांधाला टेकून उभं होतं, जणू कुणाची तरी वाट बघतंय. बांधाच्या खालून हळूहळू झिरपत होतं. बांधावर उभा राहून मी खाली बघितलं. बावीस गुंठे पांढरे. स्लाइडमधल्यासारखेच, फक्त बाई नव्हती.

मी मोटर बंद केली. रिलेच्या तारा ओढून काढल्या, पेटी खांबावरून उतरवली, त्यात दोनदा शॉक बसला, कारण पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकानं मेन स्विच बंद केला नव्हता. पेटी काखेत मारून वैनींच्या दारात गेलो. त्या गोठ्यात म्हशीला आंबोण घालत होत्या.

मी म्हणालो, "वैनी, त्ये पाणी माझं हाय." बऱ्याच वर्षांनी माझ्या तोंडून गावची बोली आली. निबंधाची भाषा कुठं गेली कोण जाणे.

त्यांनी वळून बघितलं, पेटीकडं बघितलं, आणि पुन्हा म्हशीकडं वळल्या.

"व्हय. म्हाईत हाय की. नवीन काय आसंल तर सांगा."

"चर मारतो."

"कवा?"

"पुढच्या..." मी म्हणालो. वैनी आंबोणाची पाटी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "उद्या," मी म्हणालो.

मग त्यांनी च्या ठेवला.

चर मारायला चार दिवस लागले. तीन गडी लावले आणि चौथा मी. माझ्या हातांना पहिल्या तासातच फोड आले, तेव्हा गड्यांनी मला उसाच्या सऱ्या उपटायला लावलं, मग ते पण जमेना तेव्हा पाणी आणायला लावलं. वैनी बांधावर बसून खोली बघत होत्या. कमरेएवढा म्हणजे कुणाच्या कमरेएवढा, असा वाद झाला. गड्यांतला बुटका म्हणाला, माझ्या. वैनी स्वतः चरात उतरल्या आणि म्हणाल्या, "माझ्या." त्या सगळ्यांत उंच होत्या.

चौथ्या दिवशी दुपारी तळाला पाणी दिसू लागलं आणि ओढ्याच्या दिशेनं सरकू लागलं, करंगळीएवढं. मी कॉलेजातून क्षार मोजायचं छोटं मीटर आणलं होतं. ते बुडवून मी आकडा स्थिर व्हायची वाट बघत होतो. वैनींनी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"खारट. तुमचं मीटर काय म्हणतंय?"

"खारट," मी म्हणालो.

मीटरच्या बाजूनं मी आयुष्यभर बोलत आलो होतो. मीटरला पाच मिनिटं लागली.

भट्टीवाल्याला वैनींनी दोन पावसाळे थांबायला सांगितलं. तो थांबला नाही, दुसरीकडं गेला, दुसरीकडं अशा जमिनी कमी नव्हत्या. दोन पावसाळ्यांनी वरच्या अंगाचे सात-आठ गुंठे काळे व्हायला लागले. तिथं त्यांनी शेणखत ओतलं, हिरवळीच्या खतासाठी ताग गाडला आणि तिसऱ्या हिवाळ्यात मेथी टाकली. आली. खालचे चौदा गुंठे अजूनही पांढरेच आहेत. ते माझ्या हयातीत परत येतील असं मला वाटत नाही, आणि ते कुणाच्या धोरणामुळं गेले हे आता मी कुणाला सांगत नाही. धोरण चुकीचं होतंच. पण पेटीवर 'धोका' लिहिलेलं अक्षर माझं होतं.

चराचं खारं पाणी ओढ्यातून नदीला जातं. खालच्या गावच्या तरुणांनी मध्यंतरी ओढ्याच्या पाण्याविरुद्ध निवेदन काढलं आणि जाणकार म्हणून माझी सही मागायला आले. मी सही केली. पण या वेळी त्यांना आधी चरावर नेलं, वरच्या वाटेनं, आणि कुणाचा आहे ते सांगितलं. एकानं वहीत लिहून घेतलं. सगळ्या गावांचे चर जोडून ते पाणी कुठं न्यायचं, यावर माझ्याकडं हिरव्या कव्हरचा एक आराखडा आहे असंही मी म्हणालो, पण उरलेली एकच प्रत किटलीवर होती.

स्मरणिकेचा निरोप आला त्या रविवारी मी स्लाइडचा डबा काढला. टेप नखानं सुटेना, इतकी जुनी झाली होती. बायकोनं रॉकेलचं बोट लावून ती सोडवली. प्रोजेक्टर आता कुणाकडं नाही, म्हणून स्लाइड तशीच खिशात घालून गावी गेलो आणि वैनींच्या हातात दिली. त्यांनी ती दाराच्या उजेडात धरली, एक डोळा मिटून. त्या आता थकल्यात, पण बघायचं ते पुरं बघतात. आधी स्वतःला बघितलं, आणि केवढी बारीक हुते मी, म्हणाल्या. मग डाव्या कडेला गेल्या. चिकटपट्टीचा डाग, ऊस, खांब, पेटी, लाल दिवा. मी सांगायला सुरुवात केली की ही कड मी झाकून ठेवली होती, इतकी वर्षं, सगळ्यांपासून. त्यांनी पुरं ऐकून घेतलं, नेहमीसारखं.

मग स्लाइड माझ्या हातात परत देत म्हणाल्या, "ऊस मातर झकास आलता की, भावजी."